अकरा महिन्यांसाठी

पेडणेकरांच्या स्कूटरवर मागे एकाच माणसाची जागा,
म्हणून आधी हेमांगी जाते, मग मी.
तोवर मी मागच्या वस्तीच्या नाक्यावर
पर्स पोटाशी धरून उभी,
आणि मी पोचते तोवर
तिचं मत होऊन गेलेलं असतं.

कोलशेतला एकविसावा मजला.
काचेखाली खाडी, चिखलात टोचल्यासारखे बगळे.
पेडणेकरांनी असा हात फिरवला
की भरती त्यांनीच मागवून ठेवलीय.
हेमांगी म्हणाली, वा.
मी म्हणाले, कोथिंबीर संपली तर?
ॲप आहे ना, ताई.
पण मला ती हातात घेऊन, झटकून,
महाग आहे म्हणून परत ठेवून
मग घ्यायची असते.
हेमांगी म्हणाली, तू घर शोधतेयस
की भांडायला माणूस?

येऊरच्या पायथ्याशी झाडं होती.
बिबट्या येतो का हो इथे, तिने विचारलं.
रात्रीच येतो, पेडणेकर धीर देत म्हणाले.

पाचपाखाडी आम्हाला दोघींनाही आवडली.
कचराळी तळ्याला सकाळी पाच फेऱ्या मारायच्या
हेही ठरवून झालं जिना उतरता उतरता.
खाली सेक्रेटरी. दोघीच का?
दोघीच.
आणि मिस्टर?
हेमांगीने त्रेपन्नाव्या वर्षी घर सोडलं,
मी कधी मांडलंच नव्हतं;
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते त्यांच्या फॉर्मवर नव्हतं.
येणंजाणं कोणाकोणाचं असेल, ते म्हणाले.
ती म्हणाली, कोणाचंच नाही.
आणि मग स्कूटरवर बसेपर्यंत
ती काही बोलली नाही.

खारेगावला भाडं बसत होतं, पाणी नव्हतं.
वर्तकनगरला पाणी होतं, वर डीजेचं गोदाम.
माझ्या वहीत रकाने होते:
दवाखाना, गिरणी, रिक्षा, शांतता.
तिच्याकडे वही नव्हती. ती नुसती
प्रत्येक घरात चपला घालून फिरायची
आणि संडासाची कडी लावून बघायची, आतून.
का, ते मी विचारलं नाही.

उथळसरचं पेडणेकरांनी शेवटी काढलं, नाइलाजाने.
दुसरा मजला, लिफ्ट नाही,
कठड्याला कोणीतरी निळा रंग देऊन मध्येच सोडलेला.
व्ह्यू नाही हो इथे, ते आधीच म्हणाले.
नव्हताच. स्वयंपाकघराची खिडकी उघडली
तर चार हातांवर समोरच्यांची खिडकी,
आत बनियनमधला एक म्हातारा,
कानाला फोन, गॅसवर कढई,
आणि कढईतून निळा धूर.

अहो! हेमांगी ओरडली.
फोडणी! फोडणी जळतेय तुमची!
त्याने आधी वर पाहिलं, मग खाली,
मग आम्हाला. गॅस बंद केला.
मोहरी आधी टाकत जा हो, ही सांगतेय,
लसूण नंतर, मोहरी तडतडू दे,
तो मान डोलावतोय, फोन अजून कानाला,
फोनमधल्या माणसालाही सांगतोय, थांब जरा,
आणि ती खिडकीच्या गजांना धरून
टाचा उंचावून उभी, अनवाणी.
चपला दाराशी होत्या. केव्हा काढल्या कोण जाणे.

मी वही उघडली.
गिरणी: विचारायची राहिली.
शांतता: हे काय विचारायचं.
पाणी किती वाजता येतं, मी पेडणेकरांना विचारलं.
त्यांनी सांगितलं.
थोड्या वेळाने पुन्हा विचारलं,
पहिल्यांदा माझं लक्ष नव्हतं.
तेल जुनं वाटतंय तुमचं, खिडकीतून आवाज येत होता,
इथूनसुद्धा कळतंय.